ताई, माउली, पावणं

इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाचं नाव निघालं की पंढरपूरला जाणाऱ्या माणसांवरून महाराष्ट्र ओळखण्याची त्यांची व्याख्या हमखास निघते. भाषणांत, अग्रलेखांत, आषाढीच्या पुरवण्यांत ती इतकी वापरली गेली आहे की लेख न वाचलेल्यांनाही ती ठाऊक असते. मला लेखाचा खरा जोर तिथे वाटत नाही. तो एका तरुण मुलीने विचारलेल्या साध्या प्रश्नात आहे, आणि पुरवण्यांत नेमका तोच प्रश्न दिसत नाही.

प्रसंग असा आहे. कर्वे ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर एका दिंडीतून चालल्या आहेत. दिंडीत मराठा बायका आहेत, ब्राह्मण मंडळीही आहेत. दिवसभर सगळे एकत्र चालतात, एकत्र गातात, आणि जेवायची वेळ झाली की वेगवेगळे बसतात. दोन्हीकडची माणसं स्वच्छ, दोन्हीकडची अंघोळ करूनच जेवणारी, मग हे वेगळेपण कशासाठी, हे कर्व्यांना खुपत राहतं. एके दिवशी त्या मराठा बायकांबरोबर जेवतात. त्यानंतर त्या बायका जवळ येऊ लागतात, हात हातात घेतात, घरादाराचं सांगतात आणि ‘ताई’ म्हणू लागतात. पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ, असंही काहीजणी म्हणतात. त्यावर एक मुलगी विचारते की आत्ता आमच्याशी जशा वागताय तशाच तेव्हाही वागाल का.

प्रवासात अनोळखी माणसाने लावलेल्या मायेवर मराठीत ढिगाने लिहिलं गेलंय. त्या सगळ्या ढिगात मला हा प्रसंग सर्वांत वरचा वाटतो, कारण इथे माया लावणारं माणूस उलट प्रश्न विचारतं. एरवी ते काही विचारत नाही. ते भाकरी वाढतं, अंथरूण घालून देतं, पैसे नको म्हणतं आणि परिच्छेद संपायच्या आत नाहीसं होतं. त्या परिच्छेदाचा साचा आता आपल्याला पाठ झालाय. आधी थकवा आणि अंधार, मग लांबून दिसणारा एक दिवा, मग ‘या, बसा’, मग जगातलं सर्वांत चविष्ट पिठलं, मग पैसे देऊ केल्यावर जोडलेले हात, आणि सगळ्यात शेवटी माणुसकी अजून जिवंत आहे हा शोध. लिहिणारा कळवळून लिहितो, त्याच्या कळवळ्यावर मला शंका नाही. पण त्याने लिहिलेलं वाचून त्या घरातल्या माणसाबद्दल मला काय कळतं? त्याच्याकडे पिठलं होतं, एवढंच.

गेल्या काही वर्षांत नर्मदा परिक्रमेच्या पुस्तकांनी हा साचा आणखी घट्ट केला. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर या पुस्तकांची रांगच लागली आणि त्यांच्या पानापानांवर सदाव्रत देणारी, कुटीत झोपायला जागा देणारी, वाट दाखवून निघून जाणारी माणसं भेटतात. बऱ्याचदा त्यांना माणूस म्हणूनही सोडलेलं नसतं. ती मैयाने धाडलेली असतात. देव म्हणून एकदा सही केली की पावती फाटली. देवाचं घर कुठे, त्याच्या पोराची फी भरली का, हे विचारायचं कारणच उरत नाही. या रांगेत भारती ठाकूर यांचं मात्र वेगळं आहे. नाशिकच्या या बाईंनी परिक्रमा केली, त्यावर ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ लिहिलं, आणि मग त्या पुन्हा त्याच काठावर जाऊन राहिल्या, मंडलेश्वरजवळच्या लेपा गावात मुलांच्या शाळा उभ्या केल्या. ज्यांच्या ओसरीत झोपलो त्यांच्याकडे परत जाणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण माझ्यापुढे नाही. तरीही कर्व्यांच्या दिंडीतल्या मुलीने जे विचारलं होतं ते याहून लहान होतं आणि म्हणूनच अवघड होतं. आमच्या गावात काय कराल, हे तिने विचारलं नव्हतं. तुमच्या घरी आम्ही आलो तर, असा तो प्रश्न होता.

इथे ‘ताई’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वारीत प्रत्येकजण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. धक्का लागला तरी माउली, पाणी मागायचं तरी माउली, बंदोबस्तावरचा पोलीसही माउली. या शब्दाची ताकद मोठी आहे. तो वय, जात, हुद्दा, बाई-पुरुष सगळं एका फटक्यात पुसतो. पण तो सगळ्यांना सारखाच लागतो, म्हणून त्यात कुणाचा कुणावर हक्क तयार होत नाही. सगळेच माउली असल्यावर मी कुणा एकाचा कोण? ‘ताई’चं तसं नसतं. ताई म्हटलं की तिचं घर आलं, घरी जाणं आलं, तिने बोलावणं आलं, न बोलावल्यास रुसणं आलं. मराठीत नातं म्हणजे मुळात येणं-जाणं. ते ठेवतात किंवा तुटतं. १९५३ साली ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ लिहिणाऱ्या बाईंना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. भारतभर कोण कुणाला काय म्हणतं आणि त्यातून कुणावर कसली जबाबदारी येते, याचाच तर तो ग्रंथ. त्या मुलीने ‘ताई’ हा शब्द घेतला आणि लगेच त्याला जोडून येणारं कलम तपासलं. बाकीच्यांना तो शब्द गोड वाटला होता. तिने तो शब्दशः घेतला.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत याच्या जोडीला तिसरा शब्द आहे, ‘पावणं’. हा वारीपुरता नाही, बारा महिने चालतो. अनोळखी माणूस दिसला की ‘काय पावणं, कुणीकडं?’ त्यात अगत्य आहे आणि चौकशीही. पाठोपाठ ‘गाव कंचं’ येतं आणि त्याच्या मागोमाग आडनाव. आडनाव का विचारतात हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. वर्षातले काही दिवस या रस्त्यावर आडनावाच्या आधी पाणी येतं. बाकीच्या दिवसांत पाण्याच्या आधी आडनाव.

वारीवरची मराठीतली दोन्ही मोठी लेखनं, कर्व्यांचा हा लेख आणि दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’, ज्ञानेश्वरांच्या पालखीची आहेत. ती सासवड, जेजुरीवरून लोणंद, फलटणला जाते. तुकोबांची पालखी पुण्यानंतर सोलापूर रस्ता धरते. लोणी काळभोर, यवत, वरवंड करून ती बारामती तालुक्यात उतरते, उंडवडी गवळ्याची, बारामती, मग सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि शेवटी सराटी. तिथे नीरेत पादुकांना स्नान घालतात आणि पालखी नदी ओलांडून अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात शिरते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली तेव्हा ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पादुका एकत्रच निघत. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांची पालखी वेगळी काढली आणि दोन वाटा झाल्या. साहित्याने त्यातली एकच धरली. याला मी फार मोठा अन्याय वगैरे म्हणणार नाही, पण त्यामुळे एक गोष्ट नजरेतून सुटली. तुकोबांची वाट एकाच तालुक्यात कोरड्यातून ओल्यात जाते. उंडवडीकडचा पट्टा जिरायती आहे. पाऊस लांबला तर तिथे आषाढातही टँकर लागतो. बारामती सोडून पुढे गेलं की नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी, ऊस आणि साखर कारखाने. उंडवडीत पुढे केलेला तांब्या आणि सणसरमध्ये पुढे केलेला तांब्या, दोन्हीत पाणी तेवढंच असतं. वारीचं वर्णन वाचताना या दोन तांब्यांतला फरक कळला पाहिजे, असं मला वाटतं. सहसा तो कळत नाही, कारण चालणाऱ्याला दोन्हीकडे तहान सारखीच लागलेली असते.

शिवाय चालणाऱ्याला जे अनपेक्षित वाटतं ते गावाला अजिबात अनपेक्षित नसतं. काटेवाडीचं उदाहरण घ्या. तिथे तुकोबांच्या पालखीसाठी परीट समाजाची मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. दरवर्षी त्याचे फोटो छापून येतात, ‘भक्तीचा अनोखा सोहळा’ अशा मथळ्याखाली. त्यात अनोखं काही नाही, ते ठरलेलं आहे. धोतर कुणी अंथरायचं, मेंढ्या कुणी आणायच्या, हा ज्याचा त्याचा मान आहे. मेंढरांवरचं रोगराईचं संकट टळावं ही धनगरांची त्यामागची श्रद्धाही आहे. म्हणजे तिथे देणं आहे तसंच मागणंही आहे, आणि कुणी काय द्यायचं हे जातीने वाटून दिलेलं आहे. गावजेवणाचंही तेच. कुठल्या आळीने कितव्या दिंडीला जेवू घालायचं, घरटी किती भाकऱ्या, गॅसची टाकी कोण देणार, याच्या याद्या आधी होतात. मला हे कळल्यावर त्या मायेची किंमत कमी झाली नाही, उलट वाढली. अचानक आलेला उमाळा एक दिवस पुरतो, यादी दरवर्षी करावी लागते. पण ‘अनपेक्षित’ हा शब्द घेणाऱ्याचा आहे, देणाऱ्याचा नाही, एवढं तरी लिहिणाऱ्याने ओळखावं.

मोकाशी यात कुठे बसतात? ते १९६१ च्या वारीत चालले आणि ‘पालखी’ १९६४ साली आलं. फिलिप एंगब्लॉम यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८७ साली अमेरिकेत निघाला. मोकाशी पोटासाठी रेडिओ दुरुस्त करत, आणि माझ्या धंद्यामुळे असेल, मला त्यांच्या गद्यात तो हात सतत जाणवतो. रेडिओ छान वाजतोय यावर ते थांबत नाहीत, मागचं झाकण उघडून पाहतात. तुम्ही का आलात, घरी कोण आहे, शेताचं काय, असं ते माणसांना विचारत राहतात, आणि स्वतःच्या श्रद्धेबद्दलची शंका लपवत नाहीत. भारावलेपण त्यांना परवडत नाही. ते चिखल, पाय आणि सामान यांचा हिशेब ठेवतात. मात्र त्यांचं कुतूहल चालणाऱ्या माणसांचं आहे. ज्या गावांत रात्र काढली तिथली माणसं त्यांच्याकडेही मुक्कामापुरती येतात. पालखी हलली की पुस्तक हलतं. ते अपरिहार्यच आहे म्हणा, पण कर्व्यांच्या त्या मुलीने याच हलण्याला एक क्षण अडवून धरलं होतं. म्हणून मोकाशींचं पुस्तक मोठं आणि अधिक भरीव असूनही त्या एका जागी कर्व्यांचा लेख पुढे जातो.

मी स्वतः बारामती ते इंदापूर एवढंच चाललोय, तीन दिवस, दोन वर्षांपूर्वी. त्याचं वर्णन इथे करायचं कारण फक्त पुढे जे झालं त्यात आहे. सणसरहून निमगाव केतकीच्या दिवशी बेलवाडीला पहिलं गोल रिंगण होतं. ते बघून लासुर्णे, अंथुर्णे करत संध्याकाळी निमगावात पोचेपर्यंत माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटला होता आणि मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. एका आजोबांनी बघितलं. ‘आत चला माउली, पाय बघू,’ म्हणाले. आजींनी मीठ घालून पाणी तापवलं. दुसऱ्या पायालाही फोड होता, त्यातून त्यांनी दोरा ओवलेली सुई काढली आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. ओसरीत आम्ही अकराजण झोपलो, त्यातले सात परभणीकडचे. भाकरी, पिठलं, ठेचा. (होय, चविष्ट होतं.) सकाळी निघताना आजोबांनी नातवाला पुढे ढकललं. पोरगं डिप्लोमाला होतं. ‘ह्याला जरा सांगा काय शिकायचं ते, तुमी कंप्युटरवालं.’ मी नंबर दिला. पोराने तो माझ्यासमोरच ‘माउली आयटी पुणे’ अशा नावाने साठवला.

चार महिन्यांनी फोन आला. पोराची सरळसेवा भरतीची ऑनलाइन परीक्षा होती, केंद्र पुण्यात, दोन दिवस राहायची सोय होईल का. मी हो म्हटलं. मग आजोबांनी फोन घेतला, पायाची चौकशी केली आणि विचारलं, ‘आडनाव काय म्हनलात तुमचं?’ मी आधी म्हटलंच नव्हतं. त्या रात्री कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, ‘बरं, बरं. पोरगं शुक्रवारी निघतंय.’

त्या थोड्या वेळात काय होतं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मला त्यातून आजोबांवर निकाल द्यायचा नाही. त्यांनी विचारलं, थांबले, आणि पोराला पाठवलं. यातली तिसरी गोष्ट झाली हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं; पहिल्या दोन झाल्या नाहीत असं मात्र मी लिहिणार नाही. वारीवरच्या लेखनात पहिल्या दोन कापून फक्त तिसरी ठेवायची पद्धत आहे, आणि त्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत फक्त पहिल्या दोन ठेवायची.

शुक्रवारी दुपारी माझ्या मोबाइलवर सूचना आली की गेटवर डिलिव्हरी आली आहे. आमच्या सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद एका अॅपमध्ये होते आणि त्यात येणाऱ्यांचे ठरीव प्रकार आहेत: डिलिव्हरी, कॅब, पाहुणा, घरकाम. पोराच्या हातात पिशवी होती, खांद्यावर गोणपाट होतं, त्यामुळे गार्डने पहिला प्रकार निवडला होता. मी खाली गेलो, प्रकार बदलला. गोणपाटात डाळिंबं होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं, निमगावच्या पानमळ्यातली. आम्हा तिघांपैकी पान कुणीच खात नाही. ती फ्रिजमध्ये दूध आणि बिअरच्या मध्ये ठेवली, आणि दोन दिवस फ्रिज उघडला की तो वास यायचा. माझ्या एका फ्लॅटमेटने पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला घेऊन विचारलं, किती दिवस? त्याचं चुकलं असं नाही, दोन खोल्यांत चौथा माणूस म्हणजे अडचणच. पण अकराजणांच्या ओसरीत हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं, हे मला त्या क्षणी आठवलं. ओसरी आणि फ्लॅट यांच्यातला हा फरक मनाच्या मोठेपणाचा कमी आणि बांधकामाचा जास्त आहे, असा माझा समज आहे. ओसरीला दार नसतं. पाहुण्याला अर्धं आत घेण्याची सोय तिथे घरातच केलेली आहे. आमच्याकडे माणूस एक तर गेटबाहेर असतो, नाही तर थेट फ्रिजसमोर.

दुसऱ्या रात्री पोराशी बोलताना मी ऊसतोडीचा विषय काढला. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, बारामतीकडचे माळेगाव आणि सोमेश्वर. दसरा-दिवाळीनंतर या कारखान्यांसाठी बीड, नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती फेडायची असते. पालखी ज्या रस्त्यांनी जाते त्याच रस्त्यांनी त्यांच्या गाड्या येतात, लेकराबाळांसकट, आणि कारखान्याच्या नाहीतर शेताच्या कडेला कोप्या पडतात. मराठवाड्यातली दिंडी आणि मराठवाड्यातली टोळी यांत माणसं पुष्कळदा एकाच घरातली असू शकतात. मी विचारलं, ते कधी तुमच्या ओसरीत येतात का? ‘त्यांची वळख मुकादमाशी,’ पोरगं म्हणालं, ‘आपली नाय.’ मग थोडं थांबून: ‘आजी ताक देती पण. रोज.’

हे ताक मला कुठल्याच लेखात सापडत नाही. त्याला सोहळा नाही, फोटो नाही, मान नाही. ते ओसरीपर्यंत पोचत नाही, बांधावरच थांबतं. ते पुरेसं आहे असंही मी म्हणत नाही. सहा महिने उघड्यावर राहणाऱ्या बाईला ताकाहून पुष्कळ काही लागतं. तरी मला अनोळखी माणसाच्या मायेवरचं लेखन तपासायला हे ताक पिठल्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. पिठलं पंढरीला निघालेल्या माणसासाठी होतं आणि त्याच्या गळ्यात माळ होती. ताक मिळणाऱ्याच्या गळ्यात त्या वेळी माळ असली तरी कुणी पाहत नाही. तो तेव्हा ‘बीडचा कोयता’ असतो. माउली या शब्दाला हंगाम आहे, आणि तो हंगाम संपल्यावर त्याच रस्त्यावर काय उरतं, हे लिहायचं असेल तर पालखी गेल्यानंतर कुणीतरी तिथे थांबावं लागेल. ही मागणी मोकाशींकडे किंवा कर्व्यांकडे करणं अन्यायाचं होईल. त्यांनी आपलं काम केलं. आज वारीवर लिहिणारे, आयटी दिंडीच्या छापील टी-शर्टांत एक टप्पा चालून रात्री हजार शब्द टाकणारे, त्यांच्याकडे मात्र मी करेन.

आता कर्व्यांविषयी माझी एक तक्रार. त्या मुलीच्या प्रश्नाने त्या हलतात हे खरं, पण मग लगेच त्या उंचावर जातात. हजारो वर्षं शेजारी राहूनही ते आमचे नाहीत आणि आम्ही त्यांचे नाही, अशा अर्थाचं मोठं विधान करतात. ते विधान खरं आहे. १९६२ साली हा लेख इंग्रजीत ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आला तेव्हापासून परदेशातल्या अभ्यासकांपुढेही ते आहे. पण प्रश्न समाजाबद्दल विचारला नव्हता. एका मुलीने एका बाईला तिच्या एका घराबद्दल विचारलं होतं: दार उघडाल का, आत बसवाल का, कुठल्या भांड्यात पाणी द्याल. याचं उत्तर हो किंवा नाही असू शकतं, ‘बघू’ असू शकतं, ‘तू ये तर खरी’ असू शकतं. कर्वे तिला काय म्हणाल्या हे लेखात नाही. आपल्यापर्यंत पोचतं ते वाचकांना दिलेलं उत्तर. समाजशास्त्रज्ञाला हजारो वर्षं दिसणं स्वाभाविक आहे, पण हजारो वर्षांच्या आड एक संध्याकाळ लपवता येते. मराठीतल्या ललित लेखाला ही सवयच आहे. घरातला प्रश्न अंगाशी आला की तो संस्कृतीकडे वळतो.

तरी त्यांनी प्रश्न कापला नाही. तो त्यांच्या विरोधात जात होता, लेख त्याच्याशिवाय अधिक गोड झाला असता, आणि ती मुलगी काही लेख वाचून तक्रार करायला येणार नव्हती. असं असूनही तो तिथे आहे. ‘वाटचाल’ मी पुन्हा पुन्हा वाचतो ते यासाठी.

पोरगं परीक्षेत लागलं नाही. पुढच्या फॉर्मची तयारी चाललीय, त्याबद्दल अधूनमधून फोन येतो. माझं नाव त्याच्याकडे अजून ‘माउली आयटी पुणे’ असंच आहे, पण बोलताना तो आता ‘दादा’ म्हणतो. मागच्या फोनवर आजी होत्या. वारीला येता तसे एरवीही या, म्हणाल्या, गर्दी नसताना. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार धरलाय. तेव्हा तोड चालू असेल.